राहिलेली सावड

डोंगराकडची एसटी मंचरच्या स्टँडवर लागली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते. आमचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत. दिवसभर हायवेची घरघर, कांद्याबटाट्याच्या ट्रकांचे हॉर्न, आणि त्यातून ही एकच गाडी मला नेमकी कशी ऐकू येते, याचं आमच्या ह्यांना कोडं पडलं आहे. "मी शेजारच्या खोलीतून तीन हाका मारल्या तर एकही पोचत नाही," ते म्हणतात, "आणि एसटीचा ब्रेक बरोबर पोचतो." चेष्टा खरी आहे. मी ऐकून घेते आणि खिडकीशी जाते.

दिवाळी जवळ आली की त्या गाडीतून उतरणारी माणसं बदलतात. कुणाच्या खांद्यावर नव्या तांदळाची गोणी असते, कुणी धार लावायला आणलेले विळे फडक्यात गुंडाळून काखेत धरलेले असतात. बायकांच्या लुगड्यांना भाताच्या काडाचा वास येतो, थोडा ओलसर, थोडा गोड. बाजारात इंद्रायणीचे ढीग लागतात तेव्हा लोक मूठभर तांदूळ नाकाशी नेऊन वाहवा करतात. मला मात्र त्या वासाने आधी आनंद होतो आणि लगेच लाज वाटते. बावीस वर्षं झाली, दोन्ही अजून बरोबरच येतात.

त्या वासाचं नाव हौसाबाई.

आमचे हे तेव्हा मंचरच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मी घरी शिवणकाम करायची आणि उरलेला वेळ मंडळीच्या कामात घालवायची. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून आम्ही दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवर डोंगरातला एक माणूस, कावीळ पोटात उतरलेला, आणि त्याच्या पायथ्याशी बसलेली त्याची बायको. चार दिवस तिने कुणाशी शब्द काढला नाही. पाचव्या दिवशी मी डबा उघडला, डोळे मिटून प्रार्थना केली, आणि अर्धी भाकरी तिच्यापुढे धरली. भाकरी घेता घेता तिने विचारलं, "बाई, तुमी रोज डोळं मिटून कुणाशी बोलता?"

विश्वासाची गोष्ट सांगायची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर माइक येतो, वाटायची पत्रकं येतात. माझ्याबाबतीत ती अर्ध्या भाकरीवर आणि एका प्रश्नावर सुरू झाली. मी सांगितलं, जमेल तसं. तिने ऐकलं. तिचा नवरा बरा होईल असं मी म्हणाले नाही, एवढं एक शहाणपण मला तेव्हा सुचलं. तो बरा झालाही नाही. आठव्या दिवशी गेला. आमचे हे त्याच्या मयताबरोबर गाडीत बसून डिंभ्याच्या धरणावरून वर तिच्या वाडीपर्यंत गेले, मातीला थांबले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. महिन्याभराने हौसाबाई आपल्या लहान मुलाला घेऊन आमच्या दारात उभी. म्हणाली, "माणूस ऱ्हायला न्हाई, तरी तुमी आला. तुमचा देव कसा हाये त्ये मला नीट सांगा."

त्यानंतर दर रविवारी, इथली उपासना आटोपली की मी अकराची एसटी धरून वर जायची. हौसाबाईच्या पडवीत आम्ही दोघी आणि कधी कुतूहलाने टेकलेल्या आणखी दोन बायका. तिला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेली गोष्ट पुढच्या रविवारी ती मला परत सांगायची, आणि सांगताना तिच्या मालकीची करून टाकायची. हरवलेलं मेंढरू तिच्या तोंडून शेळी होऊन कारवीच्या जाळीत अडकायचं. बी पेरणाऱ्याची गोष्ट मात्र तिला काही पटली नाही. "वाटंवर बी, खडकावर बी, काट्यात बी! बाई, ह्यो शेतकरी जरा येडाच म्हणायचा," म्हणून तोंडावर पदर धरून हसली. मी गंभीर चेहऱ्याने अर्थ समजावत राहिले. आता वाटतं, मीही हसायला हवं होतं.

आवणीच्या दिवसांत मी एकदा तिच्या खाचराच्या बांधावर उभी होते. नुकतं लावलेलं रोप पिवळं पडलेलं पाहून मला वाटलं, गेलं हे पीक. तसं बोलून दाखवलं. तर म्हणाली, "अवो, राबातनं उपटून हिकडं लावलंय त्याला. चार दिस पिवळं पडनारच. तवा त्याला हात लावायचा नसतो. मुळं धरली की आपसूक हिरवं व्हतं." मी मान डोलावली. शेतीतली आणखी एक माहिती मिळाली, एवढंच मला वाटलं. नव्याने विश्वास ठेवणाऱ्या माणसाशी कसं वागावं याचा सगळा धडा तिने बांधावर उभं राहून मला दिला होता, आणि शिकवायला गेलेली मी तो न घेता घरी आले.

कारण माझ्या हाताला हात लावायची खोडच होती. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. आमच्याकडे रविवार म्हणजे देवाने नेमलेला विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी सुईत दोराही ओवत नसत. अंगणातला पाचोळासुद्धा सोमवारची वाट बघत पडून राही. मला त्याचा जाच कधी वाटला नाही, उलट अभिमानच होता. घराण्याची शिस्त आणि देवाची आज्ञा यांच्यात कुठे शिवण आहे हे शिवणकाम करणाऱ्या बाईला दिसू नये, याला काय म्हणावं! आमचे हे एकदा म्हणालेही, "अगं, रविवारी तू आमटीला फोडणी देतेस ती कुठल्या खात्यात जाते?" मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

वाडीत सावडीची पद्धत. आज माझ्या शेतात तुम्ही सगळे या, उद्या मी तुमच्या शेतात येते. मजुरी नाही, लिहिणं नाही, हाताच्या बदल्यात हात. भात एकदा पिकलं की चार दिवसही थांबत नाही, लोंब्या झडायला लागतात, वर ढगांचा भरवसा नाही. एकट्यादुकट्या घराने कापतो म्हटलं तर कापून होत नाही. नवरा नसलेल्या हौसाबाईला सावड म्हणजे काय होतं हे मला कुणी सांगायला नको होतं, समोर दिसत होतं.

त्या वर्षी कापणी तोंडावर आली तेव्हा तिने मला विचारलं, "बाई, येत्या आयतवारी धोंडाबाईकडं सावड हाये. प्रार्थना सांजच्याला ठिवली तर चालंल का?" धोंडाबाई म्हणजे तिची शेजारीण, बांधाला बांध लागून असलेली.

मी म्हणाले, "हौसाबाई, देवाला उरलेला वेळ द्यायचा नसतो."

वाक्य छान जमलं होतं. परतीच्या एसटीत मी ते मनात दोनदा घोळवल्याचंही आठवतं. पण खरं काय ते आज लिहून टाकते. वरून खाली यायची शेवटची गाडी चारला होती. संध्याकाळी प्रार्थना ठेवायची तर मला रात्री वाडीत मुक्काम करावा लागला असता, आणि मला तो नको होता. देवाच्या नावावर मी माझी एसटी खपवली.

हौसाबाईने मानलं. नवा विश्वास असाच असतो, सांगाल ते मानतो. एक रविवार, दुसरा रविवार, तिसरा रविवार. तीन घरांच्या सावडी रविवारी आल्या, तिन्ही घरी ती गेली नाही. माझ्यासमोर पडवीत मांडी घालून बसली. धोंडाबाई एकदा विळा घेऊन दारावरून जाताना थांबली आणि माझ्यादेखत तिला म्हणाली, "हौसे, तुजा देव कंचा बी असंना, भाताला त्याचं काय? कामाला येत जा." आवाजात राग नव्हता, काळजी होती. मला ती परीक्षा वाटली, आणि हौसाबाई परीक्षेत टिकली म्हणून मी त्या दिवशी खूश होऊन घरी आले.

मग तिची पाळी आली आणि तिच्या खाचरात कुणी आलं नाही.

चौथ्या रविवारी मी वर गेले तेव्हा ती एकटी कापत होती. दोन खाचरं कापून आडवी पडली होती, तीन उभी. पोरगं बांधावर झोपलेलं. वाटेत भेटलेल्या धोंडाबाईला मी जाब विचारल्यासारखं विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "आमी रागावलो न्हाई, बाई. पन सावड ती सावड. हात दिला तर हात. आज तिच्याकडं गेलो तर उद्या समदीच म्हंतील, आपुन बी नको जायला." मी तिला ओलांडून पुढे चालू लागले.

मला पाहून हौसाबाईने विळा ठेवला. ओढ्यावर हात धुऊन आली. पदर नीट केला आणि पडवीत बसली. मी तिला बसू दिलं. आम्ही गाणं म्हटलं, मी गोष्ट सांगितली. आणि ती गोष्टही कुठली! भुकेल्या शिष्यांनी विश्रांतीच्या दिवशी शेतातली कणसं मोडून खाल्ली आणि त्यावरून धर्माचे जाणते लोक येशूवर तुटून पडले, तर त्याने भुकेल्यांचीच बाजू घेतली, ती. क्रमाने तीच येत होती. मी ती नीट, अर्थासकट सांगितली, आणि समोर शेत अर्धं कापलेलं होतं. ही आठवण आली की मी अजूनही एकटी असले तरी तोंड फिरवते. पावणेचारला मी उठले, "देव काळजी घेईल," म्हणाले, आणि गाडीकडे निघाले. विळा हातात घ्यावा असं मला वाटलं नाही. माझ्या मनात तो विषयच नव्हता.

मंगळवारी पाऊस आला. परतीचा, आडदांड. मंचरला हायवेवर गुडघाभर पाणी होतं, आणि मी खिडकीशी बसून म्हणत होते, वर एवढा नसेल.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा ती पाण्यात पडलेल्या भाताच्या पेंढ्या एकेक उचलून बांधावर पसरत होती. दाण्यांना कोंब आले होते. पांढरे, बारीक, किती जिवंत! आंबूस वास सुटला होता. ती मला बोलेल म्हणून मी मन घट्ट करून उभी राहिले. बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "बाई, त्या दिशी तुमी गानं म्हनत व्हता तवा मी डोळं मिटलंच नव्हतं. ढगाकडं बगत व्हते. माजं ध्यान भाताकडं व्हतं. देवाला राग आला असंल का?"

मी काय बोलले? काहीच नाही. 'नाही' हा एवढासा शब्द होता, तो माझ्या तोंडून निघायला हवा होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि रडले. रडणं सोपं असतं. तिने मलाच पाणी आणून दिलं.

महिन्याभराने घराला कुलूप होतं. भात गेलं म्हणून ती मुलाला घेऊन कांद्याच्या लागवडीला खाली गेली होती, पिंपरी पेंढारकडे, असं धोंडाबाईने सांगितलं. मी आळेफाट्याला गेले. सकाळच्या थंडीत टेम्पोंमधून डोंगरातल्या बायका उतरत होत्या, सगळ्यांच्या डोक्याला सारखीच फडकी. मी प्रत्येकीचं तोंड पाहिलं. पिंपरी पेंढारला बांधाबांधावरून विचारत फिरले. एक शेतकरी म्हणाला, "ताई, कांद्याला डोंगरातल्या लई बाया येत्यात. नुसतं नाव सांगून कशी गावायची?" त्याने मला चहा पाजला, दोन वस्त्यांवर माणूस धाडला. ती सापडली नाही. त्याच उन्हाळ्यात यांची बदली झाली, लांब, विदर्भाच्या तोंडाशी. मी दोन पत्रं पाठवली, वाचता न येणाऱ्या बाईला. उत्तर आलं नाही.

पुढे त्या त्या गावी मी कितीतरी बायकांना शिकवलं. रविवारी कापूस वेचायला जाणाऱ्या बाईबरोबर मी शेतात जायला लागले, ओळीच्या कडेने चालत गोष्ट सांगायची. लोक म्हणत, पाळकबाई मायाळू आहेत. त्या मायेची किंमत कुणी दिली हे त्यांना माहीत नव्हतं. पण त्यातली एकही बाई हौसाबाई नव्हती. आई झालेल्या बाईला पहिल्या मुलाबाबत जे वाटतं, चुका सगळ्या त्याच्यावरच केल्या, तसं काहीसं. आणि तिचं पुढे काय झालं, यापेक्षाही मला छळायचा तो तिचा प्रश्न. ढगाकडे पाहिलं म्हणून रागावणारा देव मी तिच्या मनात ठेवून आले होते. तो तिने तसाच जपला असेल का? की त्या कोंब आलेल्या भाताबरोबर टाकून दिला असेल? टाकला असेल तर माझ्या हाताने तिचा येशूही गेला. यातलं काय अधिक वाईट, हे मला ठरवता येत नव्हतं.

निवृत्तीनंतर आम्ही परत मंचरला आलो. त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी खिडकीशी जात होते, स्टँडवर जात नव्हते. गुडघ्यांचं निमित्त चांगलं होतं. परवा गाडी आली, मी उठले, तर हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "एसटी रोज जाते. आपणच जात नाही." मग चष्मा काढून म्हणाले, "रविवारी जाऊ. एक रविवार उपासनेला दिसलो नाही तर देव काही गैरहजेरी मांडणार नाही."

रविवारच धरला. वाडीत आता डांबरी रस्ता गेला आहे, पडव्यांवर पत्रे चढले आहेत, मोबाइलला रेंज मात्र एका दगडावर उभं राहिलं तरच येते. हौसाबाईच्या खाचरात दहाबारा जणी कापत होत्या. प्रत्येकीचं तोंड पाहिलं, आळेफाट्याला पाहिलं होतं तसंच. बांधावर एक म्हातारी पेंढ्यांचे बंध वळत बसली होती, तिने मला आधी ओळखलं.

"मंचरची बाई व्हय?" धोंडाबाई म्हणाली. "लई उशीर केला, बाई. हौसा गेली. शिमग्यात गेली."

शिमग्यात. म्हणजे गेल्या सुगीला ती इथे होती. मी खिडकीशी उभी होते आणि ती इथे होती. मी बांधावरच बसले. यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

कापणाऱ्यांतली एक तरुण बाई विळा घेऊन जवळ आली, पाया पडली. हौसाबाईची सून, मंदा. तिने पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर मी धोंडाबाईला विचारलं, कसंबसं, की हौसाबाई शेवटपर्यंत प्रार्थना करायची का.

"करायची तर! हितंच करायची," धोंडाबाई म्हणाली. "कांद्यावनं परत आली तशी सावडीत आली. आयतवार असू दे, बुदवार असू दे. पन इळा चालवायच्या आदी उभी ऱ्हायची. तिच्या देवाशी बोलायची, आमच्या समद्यांची नावं घेऊन. आमी आपलं थांबायचो. डोळं मातर मिटायची न्हाई. वर बगायची. मी इचारलं एकदा, अगं तुजी मंचरची बाई डोळं मिटायची की. तर म्हनली, त्येला राग येत न्हाई. त्येला ढग बी दाखवावं लागत्यात."

मी रडले नाही. बावीस वर्षं तोंडात अडकलेलं 'नाही' तिचं तिने शोधून काढलं होतं. पिवळं पडलेलं रोप कधीच हिरवं झालं होतं, कुणी हात न लावता.

"अजून बी थांबतो आमी," मंदा म्हणाली. "आत्या नसल्या तरी. सगळ्या वर बगतो जरा. सवय पडलीये." मग जरा अडखळून म्हणाली, "आत्या तुमचं नाव लई काढायच्या. म्हनायच्या, बाई माज्यासाठी दर आयतवारी डोंगर चढून आल्या. मी त्येंच्या कामाला कवाच गेले न्हाई. येवढी एक सावड फेडायची ऱ्हायली."

खाचरातल्या बायका पाणी पिऊन पुन्हा ओळीने उभ्या राहात होत्या. मी मंदाकडे हात पुढे केला. तिला कळेना. "विळा दे," मी म्हणाले. "बाई, तुमच्यानं न्हाई व्हनार," धोंडाबाई हसली, "गुडगं बगा तुमचं." तरी मंदाने विळा दिला, मूठ माझ्या हातात नीट बसवून दिली. मी चिखलात उतरून ओळीच्या टोकाला उभी राहिले. बायका थांबल्या. मी सवयीने डोळे मिटणार होते, ते मिटले नाहीत. वर पाहिलं. दोन पांढरे ढग होते, पावसाचे नव्हते, तरी मी ते त्याला दाखवले, आणि मग हौसाबाईचं भात कापायला वाकले.